ओरडणारा गंधार

रात्री सगळं आवरून झालं की मी हेडफोन लावते आणि वाजवायला बसते. मला ऐकू येतो ऑर्गन, मध्येच बासरी, खाली संथ ठेका. घरातल्या बाकीच्यांना ऐकू येतं ते नुसतं ठक्, ठक्, ठकठक. प्लास्टिकच्या पट्ट्या खाली टेकल्याचा आवाज. एकदा नवऱ्याला विचारलं, "बाहेरून कसं वाटतं रे?" तो पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला, "कुणीतरी चिडून राजीनामा टाइप करतंय असं."

तर या ठकठकीला आता बरीच वर्षं झाली.

हा की-बोर्ड मी विकत घेतलेला नाही. शेजारच्या काकू घर बदलत होत्या. त्यांच्या मुलाने शाळेत असताना दोनेक महिने वाजवून तो पलंगाखाली सारला होता आणि मुलगा नोकरीला लागला तरी तो तिथेच होता. "घेऊन जा गं," काकू म्हणाल्या, "आमच्याकडे नुसता धूळ खातोय. वाजला तर तुझा, नाही वाजला तर तूच टाकून दे." म्हणजे टाकायचं कामही माझ्याच गळ्यात. मी तो लहान मुलासारखा दोन्ही हातांवर आडवा धरून घरी आणला. एकसष्ट पट्ट्या, छत्तीस पांढऱ्या, पंचवीस काळ्या. पाच सप्तकं आणि वर एक सा. पांढऱ्या पट्ट्या आता पांढऱ्या राहिल्या नव्हत्या, जुन्या कागदाच्या रंगाला आल्या होत्या. नोटेशन ठेवायची जाळी गायब. अडॅप्टर गायब. पाठीमागचं झाकण उघडलं तर आत सहा सेल, सगळे फुटलेले, स्प्रिंगांवर पांढरट-हिरवा खार चढलेला.

खार व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने निघाला. अडॅप्टरने जास्त छळलं. प्रत्येक घरात एक ड्रॉवर असतो, ज्यात मेलेल्या यंत्रांचे जिवंत अडॅप्टर गुंतवळ करून पडलेले असतात. त्यातला एक पिनेला बसला, व्होल्टही जुळले, म्हणून लावला. काही झालं नाही. दिवा नाही, आवाज नाही. मग पाठीवरचं चित्र भिंगातून पाहिलं: मध्ये एक ठिपका, भोवती अर्धवट वर्तुळ, एका बाजूला अधिक, एका बाजूला उणे. काही कंपन्या पिनेच्या मधोमध अधिक देतात, काही उणे. का, ते त्यांनाच ठाऊक. माझा अडॅप्टर नेमका उलटा होता. आत कुणीतरी विचार करून एक डायोड बसवलेला असावा, त्याने उलटी वीज दारातच अडवली, नाहीतर हा लेख इथेच संपला असता. सरळ अडॅप्टर मिळाला, बटण दाबलं, आणि स्पीकरमधून आधी एक हलकासा 'टप्' आला. हा 'टप्' मला अजून आवडतो. पेटीचा भाता पहिल्यांदा उघडताना जसा एक श्वास ऐकू येतो, तसाच हा.

घरी येणारा प्रत्येक जण त्याला 'कॅसिओ' म्हणतो. तो त्या कंपनीचा नाही, नावही ठसठशीत लिहिलेलं आहे, पण उपयोग नाही. 1980 साली कॅसिओने कॅसिओटोन 201 काढला. तोवर ही कंपनी गणकयंत्रं आणि घड्याळं बनवणारी म्हणून माहीत होती. त्यानंतर काही वर्षांतच आपल्या भाषेत त्या नावाचं सामान्यनाम होऊन गेलं. "काय करतेस सध्या?" "कॅसिओ वाजवते." मीही आता दुरुस्त करत नाही.

आणि येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा 'डेमो'चं बटण दाबतो. यात वय, शिक्षण, संगीताची जाण, काहीही आड येत नाही. डेमो सुरू होतो, एका मिनिटात यंत्र आपल्या सगळ्या कला दाखवून घेतं, पाहुणा माझ्याकडे बघतो. त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं असतं: हे एवढं सगळं एकटं वाजवतंय, मग तू कशाला?

सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. त्यात एकशे अठ्ठावीस आवाज होते आणि मी पहिले काही आठवडे नुसती आवाज बदलत बसले होते. वाजवणं असं काही घडतच नव्हतं. एक सूर, पुढचा आवाज, तोच सूर, पुढचा आवाज. एकशे अठ्ठावीस हा आकडा उगाच नाही. 1991 मध्ये वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांनी आपसात ठरवून एक यादी केली, जनरल मिडी नावाची, म्हणजे एका यंत्रावर बसवलेलं गाणं दुसऱ्यावर लावलं तर व्हायोलिनच्या जागी ड्रम वाजू नयेत. आठ-आठ आवाजांची सोळा घराणी. पहिलं घराणं पियानोचं, मग घंटा, ऑर्गन, गिटार असं करत सगळे प्रतिष्ठित लोक आधी बसवून घेतले आहेत. शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत एक खोली आहे, तिथे ज्यांचं काय करावं हे कळेना असे आठ जण कोंबलेत. एकशे पाचव्या क्रमांकावर सतार. तिच्या शेजारी बँजो. मग जपानचे शामिसेन आणि कोटो, आफ्रिकेचा कलिंबा, बॅगपाइप, फिडल, आणि एकशे बाराव्या क्रमांकावर, अगदी दाराशी, शनाई. सनई. यादीच्या तळाशी हेलिकॉप्टर, टाळ्या आणि एकशे अठ्ठाविसावी बंदुकीची गोळी. माझ्या भाच्याचं संपूर्ण संगीतशिक्षण या शेवटच्या तिघांवर झालेलं आहे.

ती सनई मी मोठ्या आशेने लावली होती. पहिल्या सुरालाच हसू आलं. सनईचा सूर कधी एका जागी उभा राहतो का? तो मागून येतो, टेकतो, जरा ओघळतो. इथे बटण दाबलं की सूर हजर, बोट उचललं की गडप. शिवाय एक सूर जरा वेळ धरून ठेवला आणि कान देऊन ऐकलं, की कळतं की तोच तो तुकडा फिरून फिरून येतोय. कुणीतरी खऱ्या वादकाकडून एक सूर घेतला असणार, त्याची सुरुवात ठेवली, आणि पुढचा एक बारीकसा तुकडा कापून गोल जोडून टाकला. जागा वाचते. पण सनईवाल्याचा श्वास संपतच नाही आणि त्या न संपणाऱ्या श्वासात एक बारीक झोका ऐकू येतो, जिथे शेवट परत सुरुवातीला शिवलाय. एकदा तो टाका ऐकू आला की मग दुसरं काही ऐकू येत नाही.

खूप दिवस मी या नकली आवाजांवर रुसून होते. मग हळूहळू लक्षात आलं की काही आवाज मुळीच नकली वाटत नाहीत. ऑर्गन वाटत नाही. इलेक्ट्रिक पियानो वाटत नाही. कारण सरळ आहे: हे जन्मापासूनच विजेचे. 1935 साली हॅमंड ऑर्गन आला तोच दातेरी धातूची चक्रं फिरवून विजेतून सूर काढणारा. आणि 1980 च्या दशकातल्या गाण्यांमध्ये काचेच्या लोलकासारखा किणकिणणारा जो इलेक्ट्रिक पियानो असायचा, तो तर बराचसा यामाहाच्या डीएक्स-7 या की-बोर्डमधून आलेला, 1983 चा. त्याच्यामागची गोष्ट मला फार आवडते. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग नावाचे संगीतकार 1967 मध्ये संगणकावर सुराला कंप देऊन बघत होते. साधा कंप, गळ्यात असतो तसा. त्यांनी तो वाढवत नेला, आणखी जलद, आणखी खोल, आणि एका टप्प्याला तो कंप म्हणून ऐकू येईनासाच झाला. त्याच्या जागी एक वेगळाच नाद उभा राहिला, नवी जात असलेला. सूर तोच, त्याला नुसता इतका हलवला की तो दुसराच कुणीतरी झाला.

हे वाचल्यावर मी सनईला 'सनई' म्हणून ऐकणं सोडून दिलं. तो एकशे बारा नंबरचा आवाज आहे. जरासा नाकातला, थोडा हट्टी. संथ लयीत, खालच्या सप्तकात, जिथे खरी सनई कधी जाणारच नाही अशा जागी, तो विलक्षण सुंदर वाजतो. फक्त त्याच्याकडून लग्नाची अपेक्षा ठेवायची नाही.

ठेक्यांचंही असंच. की-बोर्डवर आपोआप वाजणाऱ्या ठेक्यांकडे शिकलेले लोक तुच्छतेने बघतात. मीही बघायचे. डाव्या हाताचं एक बोट ठेवायचं, यंत्र त्याच्यावर बास, गिटार, ड्रम सगळं रचून देतं. यात आपली करामत काय? पण तो ठेकाही कुणीतरी बसून रचलेला असतो. कॅसिओत 1980 मध्ये हिरोको ओकुदा नावाची तरुणी रुजू झाली, संगीताचं शिक्षण घेऊन नुकतीच बाहेर पडलेली. 1981 च्या एमटी-40 या छोट्याशा की-बोर्डसाठी तिने ठेके रचले, त्यातल्या एकाचं नाव 'रॉक'. 1985 मध्ये जमैकात कुणीतरी त्याच ठेक्याचं बटण दाबलं, लय कमी केली आणि त्यावर गाणं बांधलं. ते इतकं गाजलं की तिथलं संगीत माणसांनी वाजवलेल्या बासवरून यंत्राच्या बासकडे वळलं. पुढे त्याच चालीवर शेकडो गाणी झाली. ज्या बटणाला आपण खेळणं म्हणतो ते एका मुलीने मन लावून केलेलं काम होतं.

माझ्या यंत्रात झपताल नाही. चारचे ठेके आहेत, तीनचे आहेत, दहाचा नाही. मग दहा मात्रा मी पायाने मोजते आणि यंत्राला गप्प बसवते. आणि 'एंडिंग'चं बटण मला आजतागायत वेळेवर दाबता आलेलं नाही. ते दाबल्यावर यंत्र पुढच्या मापापासून समारोप सुरू करतं. मला आठवण होते तोवर गाणं संपलेलं असतं आणि ठेका एकटाच पुढे चाललेला असतो, वरातीतून घोडा निघून गेल्यावरही वाजत राहणाऱ्या बँडसारखा.

आता ट्रान्सपोज, म्हणजे बोटं न हलवता सगळे सूर वर-खाली सरकवणारं बटण. हे कबूल करायला जड जातं, पण मी सगळं पांढरी एकमध्ये, म्हणजे सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून वाजवते. मैत्रीण काळी चारमध्ये गाते, तेव्हा मी बटण दाबून उणे चार आणते आणि बोटं जिथल्या तिथे ठेवते. लहानपणी पेटी शिकवणाऱ्या बाईंनी हे पाहिलं असतं तर त्यांनी हातावर पट्टी मारली असती, आणि मग कोणत्या पट्टीत रडतेस तेही विचारलं असतं. बोटं दाखवतात एक, कानाला ऐकू येतं दुसरं. सुरुवातीला गाडी लागल्यासारखं होतं. एकदा तर मी आदल्या रात्रीचा अधिक तीन तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी तिला सा दिला. ती बिचारी तो धरून गायली. अंतऱ्यात तिचा आवाज चिरकला. "आज घसाच बसलाय गं," म्हणून तिने माफी मागितली आणि मी, देवा क्षमा कर, "होतं असं कधीकधी" म्हणाले.

ट्रान्सपोज इतकं सोपं असण्याची एक किंमत आहे, आणि ती गंधार, म्हणजे ग, भरतो. या वाद्यात सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात; प्रत्येक सूर मागच्याच्या साधारण 1.0595 पट. सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या, म्हणून जिना कुठूनही सुरू करता येतो. पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप झंकारतो, तो या पायरीवर नसतो. तो थोडा खाली असतो. सप्तकाचे 1200 बारीक भाग, म्हणजे सेंट, धरले तर शुद्ध गंधार सुमारे 386 वर, आणि की-बोर्डचा 400 वर. चौदा सेंट चढा. ऐकायचंय? ऑर्गनचा सरळ, कंप नसलेला आवाज लावा, मधल्या सप्तकातले पांढरी एकचे सा आणि प दाबून धरा. दोन सुरांमध्ये एक संथ लाट येते, सेकंदाला एखादी. ती शांत वाटते. आता प सोडून ग दाबा. लाट नाही, थरथर आहे, सेकंदाला दहाच्या आसपास, बंद खिडकीवर अडकलेल्या माशीसारखी. एकदा ऐकली की ती थरथर पाठ सोडत नाही. मी महिनाभर ग टाळून वाजवत होते. मग तोही सोस ओसरला.

आणि नेमका तोच ग, मधल्या सप्तकातला, एक दिवस ओरडायला लागला.

म्हणजे खरोखर. सा, रे मऊ वाजायचे आणि ग कुणीतरी दार आपटावं तसा. कितीही हळू दाबा, पूर्ण जोरात. कधी कधी तर अजिबात नाही, आणि पुढच्या क्षणी पुन्हा जोरात. आधी वाटलं माझंच बोट. मग दुसऱ्या बोटाने, मग पेन्सिलीच्या टोकाने दाबून पाहिलं. ओरडलाच. दुरुस्तीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, एवढ्या जुन्याचे सुटे भाग नाहीत, नवा घ्या. ते ऐकून घरी आले आणि, खरं सांगायचं तर, काहीही केलं नाही. ओरडणाऱ्या माणसाबरोबर घरात आपण जसं राहतो तसंच. त्याला हात लावायच्या आधी जरा आवरतं घ्यायचं. पट्टी अर्ध्यातच दाबायची, बोट नुसतं टेकवल्यासारखं करायचं. त्याने कधी फरक पडायचा, कधी नाही. जवळजवळ वर्षभर हे चाललं.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी जुनी चादर अंथरली, की-बोर्ड पालथा घातला आणि स्क्रू काढायला बसले. लेक शेजारी वही घेऊन. "आई, कुठला स्क्रू कुठला ते मी लिहिते, तू विसरशील." स्क्रू तीन वेगवेगळ्या लांबीचे होते, तिने कागदावर की-बोर्डचं चित्र काढून ज्या त्या जागी ते चिकटपट्टीने चिकटवले.

झाकण निघालं आणि मला पहिल्यांदा कळलं की आत जवळजवळ काहीच नसतं. एकशे अठ्ठावीस वाद्यं, ऑर्केस्ट्रा, हेलिकॉप्टर, सगळं तळहाताएवढ्या एका हिरव्या पाटीवर. दोन टोकांना दोन स्पीकर. बाकी रिकामी जागा, धूळ, आणि काकूंच्या मुलाचा असावा असा एक खोडरबरचा तुकडा. पट्ट्यांखाली एक लांब पाटी आणि तिच्यावर करड्या रबराची पट्टी, प्रत्येक सुराला एक छोटासा घुमट. घुमट दाबला की बसतो, सोडला की उठतो. बोटाला जाणवणारी सगळी 'स्प्रिंग' ती हीच. रबर उलटं करून पाहिलं तर प्रत्येक घुमटाच्या पोटात काळ्या कार्बनच्या दोन टिकल्या. एक किंचित खाली, एक किंचित वर. त्यांच्या समोर पाटीवर दोन काळ्या जागा, एकमेकींत गुंतलेल्या कंगव्यांसारख्या रेघा असलेल्या.

दोन का? इथे मला त्या ओरडण्याचं कारण सापडलं. या यंत्राला जोर कळत नाही. त्याला फक्त वेळ कळते. पट्टी खाली जाताना आधी एक टिकली टेकते, मग दुसरी, आणि मधला वेळ यंत्र मोजतं. जोरात मारली तर काही मिलिसेकंद, हळू दाबली तर त्याच्या कितीतरी पट. आतला मेंदू सेकंदाला शेकडो वेळा सगळ्या पट्ट्यांवरून नजर फिरवत असतो, वर्गात हजेरी घेतल्यासारखा: तू टेकलीस का, तू टेकलीस का. माझ्या ग च्या पहिल्या टिकलीवर मळ बसला होता. ती टेकायची, पण वीज लगेच जायची नाही. नीट दाब बसेपर्यंत दुसरी टिकलीही पोचलेली असायची. दोन्ही हजेऱ्या एकदमच लागायच्या. यंत्राला वाटायचं, बाईंनी काय जोरात मारली! आणि ते इमानदारीने ओरडायचं. पहिली हजेरी अजिबातच चुकली तर गप्प. वर्षभर मी ज्याला तापट समजत होते तो नुसता उशिरा बोलत होता.

फ्लोरेन्समध्ये 1700 च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पहिला पियानो केला, तो याच एका गोष्टीसाठी. त्याच्या आधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची. बोट हळू ठेवा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी आणली, आणि वाद्याच्या नावातच 'हळू आणि जोरात' आलं, पियानो ए फोर्ते. त्याचे तीनच पियानो आज शिल्लक आहेत. तेच हळू-जोरात माझ्या चादरीवर रबराच्या एका पट्टीत, दोन टिकल्यांमधल्या केसभर अंतरात होतं.

केसभर म्हणाले, तर केसही निघाला. पांढरा, छोटा, ग च्या बरोब्बर खाली. लेकीने चिमट्याने काढला आणि माझ्या डोक्याशी ताडून पाहिला. "तुझा नाही आई. काकूंकडच्या मांजराचा." मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, आणि हलका हात. घासायचं नाही, कार्बन उडतो, नुसतं पुसायचं. कापूस काळा होत गेला. सगळ्या एकसष्ट जागा पुसल्या. एकशे बावीस टिकल्या. वाळू दिलं. रबराच्या बारीक शेंड्या एकेक करून भोकांतून ओढून घेताना मात्र सगळ्यांची सहनशक्ती संपली, आणि वहीतल्या चित्रावरचे स्क्रू परत जागी जाईपर्यंत बाहेर अंधार पडला होता.

टप्. दिवा. सा, रे, ग. ग शहाण्या मुलासारखा बोलला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढे काही महिन्यांनी लेकीने कुठूनतरी एक वायर आणली. की-बोर्डच्या पाठीवर पाच भोकांचं एक गोल सॉकेट आहे, मिडीचं. 1983 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर पहिल्यांदा अशा वायरीने जोडले गेले, एकावर वाजवलं की दुसरा बोलू लागला. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने हे झालं. एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे लोक एका भाषेवर राजी झाले, हेच नवल. ती भाषा अजून तीच आहे, म्हणून माझा म्हातारा की-बोर्ड लेकीच्या लॅपटॉपशी बोलू शकला. या वायरीतून आवाज जात नाही. जातात ते आकडे. कोणती पट्टी, किती जोरात, कधी सोडली. मधला सा म्हणजे 60, रे 62, ग 64. जोर 1 ते 127.

मी माझी नेहमीची एक चाल वाजवली. पडद्यावर सुरांच्या विटा रचल्या गेल्या आणि प्रत्येक विटेखाली एक उभी काडी, जोराची. लेक बराच वेळ बघत होती.

"आई, ही एकच काडी दर वेळी बुटकी का?"

सा च्या काड्या ऐंशीच्या आसपास. रे, म, प, सगळ्या त्याच उंचीच्या, थोड्या वर, थोड्या खाली. आणि प्रत्येक 64 खाली चाळीस, अडतीस, बेचाळीस. एकूण एक. खालच्या सप्तकातला ग ठणठणीत होता, वरचाही. फक्त हा. पट्टी केव्हाच शहाणी झाली होती. माझं बोट अजून त्याला घाबरून होतं.

मी मुद्दाम पुन्हा वाजवलं, ग वर जोर देऊन. आकडा ऐंशी आला. कानाला मात्र तो इतका मोठा वाटला की मी दचकून हात उचलला. सारखा वाजला तर मला तो ओरडल्यासारखा वाटत होता. बहुतेक इतके महिने मी ती चाल तशीच, मध्ये एक सूर गिळून ऐकत होते आणि मला ती तशीच आवडत होती.

त्या रात्री हेडफोन लावून मी तेवढंच घोटत बसले. सा रे ग, सा रे ग, ग म ग. बोटाला सांगत होते, नाही ओरडत तो, टेकव नीट. अर्ध्या तासाने हेडफोन काढला तर नवरा दारात उभा.

"आज काहीतरी वेगळं वाजवतेयस का?"

"नाही रे, तेच रोजचं. का?"

"सगळे ठक सारखे येतायत आज. एरवी तू मधला एक ठक खातेस ना."

"म्हणजे तुला ऐकू यायचं? मग कधी सांगितलं नाहीस ते?"

"मला काय माहीत," तो म्हणाला, "मला वाटलं गाणंच तसं आहे."